खलनायकाला दिलेलं माझं बालपण

"उघड डबा. सगळ्यांना दिसू दे," बाई म्हणाल्या.

मी चौथीत होते. डब्यात फ्लॉवरच्या पाल्याची भाजी. माझी आई मंडईत पाट्या वाहायची आणि संध्याकाळी गाळ्यांपुढे टाकलेला पाला निवडून घरी आणायची. बाईंनी डबा वर धरला. "आमच्याकडे हे कचऱ्यात जातं." वर्ग हसला. मी जेवले नाही. आईला सांगितलंही नाही.

चाळीस वर्षांनी एका माणसाला सांगितलं. तो कादंबरीकार होता.

मी बुधवार पेठेत एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासते. बावीस वर्षं. प्रत्येक प्रुफाला मी शंकांची यादी जोडते. माझी सही झाल्याशिवाय पुस्तक छपाईला जात नाही. या लेखकाची एक कादंबरी खूप चालली होती. भविष्यातलं पुणं, पाण्यावर पहारे, लोकांना तहानेने मारणारा हुकूमशहा. आता त्यांना त्याची पूर्वकथा लिहायची होती. तो इतका दुष्ट का झाला?

"अहो, तुम्ही मंडईमागे वाढलात ना? जरा सांगा की, कसं असतं ते," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. नीट, क्रमाने.

प्रुफं आली. तिसरं प्रकरण. पाटीवाल्या बाईचं पोर. मुलीचा मुलगा केला होता, एवढाच फरक. डबा होता. हसणारा वर्ग होता. सरांनी कोबीचा पाला लिहिला होता. मी कोबी खोडून फ्लॉवर केलं. सवयीने. मग पुढचं वाक्य वाचलं. 'त्या दुपारी त्याच्यात क्रौर्य जन्माला आलं.'

शाळेतल्या बाई मात्र कनवाळू केल्या होत्या. मोठेपणी तो पहिला जीव त्यांचाच घेतो.

माझा हात थांबला. माझ्याच बालपणाची चोरी मी माझ्या पेनाने नीट करत होते.

त्या प्रकरणाच्या यादीत मी एकच शंका लिहिली. 'ज्याचा अपमान झाला, तो राक्षस झाला. ज्यांनी केला त्यांचं काय झालं?'

दुसऱ्या दिवशी सर आणि प्रकाशक दोघंही समोर बसले होते.

"ही शंका मुद्रितशोधनात बसते का?" सरांनी हसत विचारलं.

"माझी आई तुमच्या कादंबरीत बसते, तर हीही बसेल."

"अहो, नाव कुठे आहे तुमच्या आईचं?" प्रकाशक म्हणाले. "आणि मंडईतलं कोण वाचायला येणार आहे?"

"मी वाचलंय."

सर जरा दुखावले. "उलट मी त्याला सहानुभूती दिलीय."

"ती कोणी मागितली नव्हती. माहिती तुम्ही मागितली होती. ते प्रकरण काढा."

"सही करा आणि विषय संपवा," प्रकाशकांनी कागद पुढे सरकवला.

मी पेनाला टोपण लावलं. कागद तसाच ठेवून उठले.

ते दुसऱ्या कोणाची सही घेतील. मला माहीत आहे. बावीस वर्षं इथे काढल्यावर एवढं कळतं. त्याने माझं काम अडत नाही.

राग मला चौथीतही आला होता. आजही आहे. कोणाचा जीव घ्यायला मी तो वापरला नाही. आता लिहायला वापरणार आहे. वही आणली आहे, प्रकरणं पाडली आहेत. त्यात आईचं नाव पूर्ण येईल. बाईंचंही येईल. ते मला पाठ आहे.