मावशींच्या दाराची कडी

सातवीत शाळा सुटली आणि कामासाठी चंद्रपूरकडून नगरला आलो. इथल्या एका घरमालकांनी जिन्याखालची खोली दिली. बदल्यात भाडेकरूंची लहानसहान दुरुस्ती करायची. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण तेव्हापासून धास्ती एकच: कुणाची तक्रार मालकांपर्यंत गेली, की आपली खोली गेली.

वरच्या खोलीत शिंगणापूरच्या एक मावशी एकट्याच राहायला आल्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यानंच खोली घेऊन दिलेली. आठवडाही झाला नसेल, मावशींचा फोन आला. दाराची कडी बसत नाही. मी जाऊन कोयंडा सरळ केला. मग बिजागरी कुरकुरायला लागली, मग पुन्हा कडीचा स्क्रू ढिला.

"आलास व्हय? बस, च्या ठिवलाय."

"मावशी, परवाच आवळला होता हा."

"तुझा हातच हलका, त्याला मी काय करू?"

शेवटी मुलानं मालकांना फोन केला. मालक मला म्हणाले, "एक कडी जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

बाजारातून जाड कडी आणली, लांब स्क्रू मारून बसवली आणि आतून दार लावून दाखवलं. "आता चोराचा बाप आला तरी उघडायचं नाही, मावशी."

त्या खाटेवर बसल्या होत्या. चेहरा उतरला. "उघड आधी," म्हणाल्या.

उघडलं. त्या उठून आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"आमच्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई रं. नुसता पडदा. आमचे धनी पडले तवा शेजारीन पळत आली. हितं मी पडले तर कोन यील आत? तो स्क्रू मीच ढिला करायची, उलथन्यानं."

मी मालकांकडे गेलो. दिवसा दार उघडं ठेवून पडदा लावू का, विचारलं.

"हे काय शिंगणापूर आहे? चोरी झाली तर निस्तरायचं कुणी?"

जिन्याखालची खोली आठवली आणि मी मागे फिरलो.

मालकांनी ते मावशींच्या मुलाच्या कानावर घातलं असावं. लगेचच्या रविवारी तो आईला न्यायला आला. टेम्पोत सामान भरताना मावशींनी मला बाजूला बोलावलं.

"पुन्याचं दार आपोआप लागतं म्हनं. बिघडलं तर येशील का?"

येईन म्हणालो. पत्ता त्यांनाही सांगता आला नाही.

वर आता नवीन कुटुंब आहे. त्यांची तक्रार नाही. कडी पक्की बसली आहे.