आमच्या मागच्या खोलीतली इंगाताई

इंगाताईचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. भांडी घासताना एक आठवतो, तेवढ्यात शेजारीण म्हणते, "म्हशीचा सांग की!" तो सांगेपर्यंत सासूबाई आतून तिसराच काढतात. दहा महिने ती आमच्याकडं राहिली, आणि मी कपाळाला हात लावला नाही असा एक दिवस गेला नाही!

इंगाताई डेन्मार्कची. राधानगरी रस्त्यावरच्या आमच्या गावात एका संस्थेची बालवाडी होती. तिथं ती पगार न घेता शिकवायला आलेली. वय चोवीस, माझ्याएवढंच. आमच्या ह्यांनी तिला मागची खोली दिली. ह्यांना सगळं गाव दादा म्हणतं, ती पण दादाच म्हणायची.

माझं लक्ष मात्र सगळं माझ्या लेकीवर, पिंकीवर. पहिलं बाळ गेल्यावर झालेली, ती पण सातव्या महिन्यात. दवाखान्यातनं सोडताना नर्स म्हणाली होती, "हिला जपा हं." मग काय, मी जपत होते. वर्षाची झाली तरी कडेवरनं खाली ठेवली नव्हती. भुईला ओल असते, किडामुंगी असते, काय सांगावं!

*

पहिल्याच रविवारी आत्यांनी मटण केलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. इंगाताईनं तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, पण वाटी संपवली. रिकामी वाटी दिसली की भरायची, ही आत्यांची रीत. तिनं ती पण संपवली. आत्यांनी परत भरली. सहाव्या वाटीला तिचं तोंड रश्श्याच्या रंगाचं झालं!

मी घाबरले. "अगं, नको तर ठेव की!"

ती पुटपुटली, "आमच्याकडे अन्न उरवणे हा यजमानांचा अपमान आहे."

"तिला कशाला अडवतीस गं?" आत्या माझ्यावरच खेकसल्या. "तिकडं पोटभर देत न्हाईत वाटतं. खाऊ दे की!" आणि सातवी वाटी ओतली.

*

मराठी ती पुण्यात तीन महिने पुस्तकातनं शिकून आलेली. एकदा बालवाडीच्या वाटेत शेजाऱ्यांची म्हैस आडवी उभी होती. इंगाताईनं हात जोडले.

"कृपया आपण बाजूला व्हावे."

म्हैस हलली नाही. हिनं परत विनंती केली. दूध संस्थेच्या कट्ट्यावरनं एक म्हातारा ओरडला, "पावणं, असं न्हाई जमायचं! अर्ज लिहून आणा!"

*

तेव्हा आमच्या आळीत फोन एकच, किराणा दुकानात. तिला परदेशातनं फोन आला की आत्या सोबत जायच्या. एकदा ती हसत हसत म्हणाली, "हॅलो, येन्स!" आणि पुढं दहा मिनिटं बोलत राहिली.

"ह्यो येन्स कोण गं?"

"माझे वडील."

आत्या मटकन तांदळाच्या पोत्यावर बसल्या! "बापाला नावानं हाक? आणि त्यो गप ऐकून घेतोय?" घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "तू नवऱ्याचं नाव तोंडातनं काढत न्हाईस. लई गुणाची हाईस बाई!"

*

त्याच गुणानं पुढच्या महिन्यात माझी अब्रू गेली.

बालवाडीच्या संस्थेत बाळांची तपासणी होती. फॉर्म इंगाताई भरत होती. "पिंकीच्या वडिलांचे नाव?"

आता ते कसं घ्यायचं? मी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. ह्यांचं नाव हिला ठाऊक असेल, लिहील आपलं आपण, असं मला वाटलं. तिनं परत विचारलं. मी परत मान हलवली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "घाबरू नकोस. मी दादांना काही सांगणार नाही."

मला काही कळेना. डॉक्टरांनी फॉर्म घेतला आणि दहा-बारा बायांसमोर खणखणीत आवाजात वाचला.

"वडील, अज्ञात!"

देवा! जमीन फाटली असती तर बरं झालं असतं!

हशा झाला, खुलासा झाला. डॉक्टर मात्र हसायचे थांबले होते. पिंकीचे पाय दाबून बघत होते. "चौदा महिन्यांची झाली. हे पाय कधी जमिनीला लागलेत का?"

"न्हाई."

"मग चालणार कशी? खाली ठेवा हिला. नाहीतर पायात जोर यायचा नाही."

घरी येऊन मी गोधडीची चौपदरी घडी घातली आणि तिला वर उभी केली. तिनं दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि रडायला लागली. मी उचलली. दुसऱ्या दिवशी तेच. दोन महिने तेच. दुसऱ्यांची पोरं पळताना दिसली की मी पिंकीचे पाय चोळत बसायचे. माझ्याच जपण्यानं पोर अधू झाली तर?

*

आता सांगते त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं.

बाजारचा दिवस होता. मला बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून झोपलेली पिंकी इंगाताईकडं दिली. कासारानं हात दाबून चौथी बांगडी चढवली, तेवढ्यात समोरच्या कापडाच्या दुकानातनं इंगाताई बाहेर आली. हातात फ्रॉकचं कापड. पोरगी न्हाई!

"पिंकी कुठाय?"

"बाहेर झोपली आहे," ती शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे आई दुकानात जाते, बाळ बाहेर झोपते. थंडीतसुद्धा."

दुकानाच्या पायरीजवळ आमची बाजाराची बांबूची पाटी होती. पाटीत गोधडी होती. नुसती गोधडी!

इंगाताई पांढरीफटक पडली. मी पळत सुटले. मागनं कासार ओरडतोय, "ओ ताई, दुसरा हात राहिला की!" मिरच्यांच्या पोत्यांना धडकले, कुणाच्या तरी कोथिंबिरीवर पाय दिला. पुढं कांद्यांच्या ढिगांपाशी बायांचा घोळका दिसला. कोपरानं ढकलत आत घुसले.

मधे पिंकी. पायात मोजे न्हाईत, अंगात स्वेटर न्हाई. उघड्या पायांनी मातीत उभी, कांद्यांनी भरलेल्या बुट्टीला धरून! "पाटीत रडत होती, मावशीनं उचलून आणली," कुणीतरी म्हणालं. समोर कांदेवाली मावशी गाजर दाखवत होती. "ये, ये माझ्या राणी!"

पिंकीनं बुट्टी सोडली. एक पाऊल टाकलं. डुगडुगली. दुसरं टाकलं.

मी दोन्ही हात पसरून झेपावले. मावशीनं माझा हात फटकन बाजूला सारला.

"ओ बाई, मधे कुठं कडमडताय? सरा की बाजूला! पोरीला वाट द्या!"

आणि मी सरले.