मामांची हातजाळी

पृथ्वी फिरते ती माझ्या बायकोच्या मामांनी एकदा तिला दोरी गुंडाळून फेकली म्हणून, याविषयी भिलाईत निदान एका माणसाला तरी शंका नाही. तो माणूस म्हणजे स्वतः मामा. जन्मभर पोलादाच्या प्लांटात लेथ चालवली, पण ती नोकरी म्हणजे आपल्या भोवऱ्याच्या तळाची लोखंडी आर नीट टोकदार व्हावी म्हणून सरकारने केलेली सोय, अशी त्यांची समजूत. त्यांचा भोवरा अंगणात गुणगुणू लागला की पलीकडच्या बोरसी वस्तीतली कुत्री भुंकायची थांबत आणि दुर्ग स्टेशनातली गाडी सुटायची. खोटं वाटत असेल तर ऐका, त्या गाडीत मी होतो. भोवरा हवेत फेकून फिरता फिरता तळहातावर झेलायचा, ही हातजाळी तर ते फोनवर बोलताना करत. माणसाची पारखसुद्धा तिच्यावरच. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी मामा आले. "पाव्हणे, हात पुढं करा." "कावून जी?" म्हणेपर्यंत गरगरता भोवरा माझ्या तळहातावर! इंगळी डसल्यासारखा मी किंचाळलो, हात झटकला आणि भोवरा थेट चहाच्या पातेल्यात. सगळे थिजले. मी चपला शोधू लागलो. मामा मात्र खूश. "हात हालला! पोरगा जित्ता हाय. देऊन टाका पोरगी."

मागच्या उन्हाळ्यात फोन आला, मामांना लकवा मारला, उजवा हात गेला. मला ते खरंच वाटेना. गेलो तर मामा अंगणात, उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. "डॉक्टर म्हन्ते, हात मेला. मी म्हनलं, टेस्ट कोनी घेतली? लावा न तुमी, जावईबापू."

मी दोरी गुंडाळली. भोवरा फेकला, नशिबानं उभा राहिला. दोन बोटांच्या बेचक्यात उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. मामांनी डोळे मिटले. मामी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. भोवरा गुणगुणला, डुलला, कलंडला आणि मांडीवर पडला. हात दगडासारखा.

"हालला का?" डोळे न उघडता मामांनी विचारलं.

जन्मभर मी कशाचं काय फुगवून सांगत आलोय. त्या दिवशी एवढंसंच सांगितलं.

"हालला जी, मामा. करंगळी हालली."

"मंग? उद्या या पुन्हा," मामा म्हणाले, आणि डाव्या हातानं दोरी गुंडाळायला लागले. ती सुटत होती, ते गुंडाळत होते.