दोन दारांच्या खोलीतला पडदा

हुंकारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं त्यांच्या मेव्हणीनं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. भात वाढू का? "हं." प्रवास बरा झाला ना? "हं." ताईची आठवण आली का तिकडे? "हं." शेवटी ती वैतागून बहिणीला म्हणाली, "ताई, तुझ्या या हुंकाररावांना आणखी एखादं अक्षर येतं का गं?" नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पंचावन्नाव्या वर्षी गिऱ्हाइकांच्या फोनमध्येसुद्धा ते 'हुंकारराव पडदेवाले' याच नावानं होते.

धंदा घरोघरी प्रोजेक्टरचे पडदे बसवण्याचा. उमेदवारी केली ती सोफ्यांना कव्हरं चढवणाऱ्या एका दुकानात, त्यामुळे कापड कुठे सैल आहे नि कुठे जास्त ताणलंय हे त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. पडदा दहा फुटी असला की दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे त्यांची बायको. गेली अठरा वर्षं ती शिडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि अठरा वर्षं बोलत होती. गिऱ्हाइकाच्या घरी पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नाहीये आणि कुणाचं सुनेशी बिनसलंय हे तिला ठाऊक झालेलं असायचं. हुंकारराव भिंत ठोकून बघायचे, ती माणसं.

मात्र हुंकारराव अगदी जन्मापासून असे मुके नव्हते. लग्नाआधी, उमेदवारीच्या दिवसांत, एकदा एका घरी जुनी पडदापट्टी काढताना मागून पत्रांचं पुडकं निघालं. त्यांनी भाबडेपणानं ते घरच्या बाईंच्या हातात दिलं, वर "तुमचंच असेल, साहेबांनी जपून ठेवलेलं दिसतंय" असंही म्हणाले. पत्रं बाईंची नव्हती. पुढे त्या घरात महिनाभर जे रामायण झालं, त्यानंतर हुंकाररावांनी कानाला खडा लावला. दुसऱ्याच्या घरात भिंत बघायची, भिंतीच्या पलीकडचं काही बघायचं नाही.

तर असे हे हुंकारराव एका मंगळवारी सकाळी एकटेच कामावर निघाले. बायकोची दाढ आदल्या दिवसापासून ठणकत होती आणि दंतवैद्याची वेळ नेमकी त्याच सकाळची मिळाली होती.

"पुढे ढकलू का काम?" त्यांनी विचारलं.

"छे! त्या दोघी जावांनी किती हौसेनं मागवलाय पडदा," ती गालाला हात लावून म्हणाली. "जा तुम्ही. आणि जरा बोला हो माणसांशी. त्या घरात पाणी मुरतंय कुठंतरी, माझं ऐका."

"हं," हुंकारराव म्हणाले.

घर दोन भावांचं. डाव्या हाताला थोरला, उजव्या हाताला धाकटा, आणि मधोमध एक ऐसपैस खोली. दोन्ही घरांतून तिच्यात एकेक दार उघडायचं. एके काळी दोन्ही कुटुंबं तिथे एकत्र बसून सिनेमे बघायची, मॅचच्या वेळी आरडाओरडा करायची. गेले चौदा महिने ती बंदच होती.

कारण मोजमापाच्या दिवशीच हुंकाररावांच्या बायकोनं काढून घेतलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी खोलीत पाणी भरलं. गालिचा गेला, स्पीकर गेले, कोचाला बुरशी आली. थोरला म्हणाला, धाकट्यानं गच्चीवर बूट धुतले आणि नळ उघडा टाकला. धाकटा म्हणाला, दादा सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गेला होता, त्याचंच हे काम. दोघंही शपथेवर सांगत होते की मी नळ बंद केला होता. शब्दानं शब्द वाढला, "तुझं लक्ष असतं का कशात" पासून "मी तुला लहानाचं मोठं केलं" पर्यंत गेला, आणि मग एकदम बंदच झाला. आता दोघांतून विस्तव जात नव्हता. जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता त्यांनीच ठरवलं, की खोली पुन्हा उघडायची आणि भला मोठा पडदा लावायचा. भिंती नव्यानं रंगवूनही घेतल्या होत्या.

हुंकारराव पोचले तेव्हा थोरला डाव्या दारातून आत आला, धाकटा उजव्या. थोरला शाळेत भूमिती शिकवायचा, धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. पडदा बसवायला याहून अडचणीची जोडी शोधून सापडली नसती.

"त्यांना सांगा," थोरला हुंकाररावांना म्हणाला, "पडदा ते म्हणतात त्याहून चार इंच वर हवा. कोचावरून बघताना कोन बरोबर येतो. मी काढून बघितलाय कागदावर."

"त्यांना म्हणावं," धाकटा तीन हातांवरून म्हणाला, "मान वर करून बघितलं की डोळ्यांना ताण पडतो. रोज चाळीस माणसांचे डोळे तपासतो मी."

"हं," हुंकारराव दोघांनाही म्हणाले आणि जमिनीवर चादर अंथरून चौकटीचे तुकडे जोडायला बसले.

हा पडदा गुंडाळायचा नव्हता. ॲल्युमिनियमची काळी चौकट, आणि तिच्यावर डफाच्या कातड्यासारखं ताणून बसवायचं पांढरं कापड. कापडाच्या कडेला छोटे छोटे हुक. आधी मधले हुक लावायचे, मग कोपऱ्यांकडे सरकायचं, आणि समोरासमोरच्या दोघांनी एकाच वेळी, सारख्याच जोरानं ओढायचं. एरवी हे काम हुंकारराव आणि बायको डोळे मिटून करायचे. आज त्यांनी जावांकडे बघितलं.

"आम्ही?" धाकटी जाऊ म्हणाली. "अहो, माझे हात पिठात आहेत."

"आणि माझं मनगट दुखतंय," थोरली म्हणाली. मनगट दुखत असलेल्या हातानंच तिनं नवऱ्याला पुढे ढकललं.

दोघे भाऊ चौकटीच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसले. "आता," हुंकारराव म्हणाले. थोरल्यानं ओढलं. धाकट्याला वाटलं, हा जास्त ओढतोय. त्यानं आणखी ओढलं. थोरल्यानं दात खाल्ले. पाचव्या हुकापर्यंत कापडाच्या मधोमध तिरपी सुरकुती पडली, नदीसारखी वळणं घेत एका कोपऱ्यातून दुसऱ्यात गेलेली.

"त्यांना सांगा, ही रस्सीखेच नाही," धाकटा म्हणाला.

"त्यांनाच सांगा," थोरला म्हणाला. दोघेही उठून आपापल्या दारानं चालते झाले. जावा एकमेकींकडे बघून चहा टाकायला गेल्या.

हुंकारराव एकटे उरले. त्यांनी सगळे हुक काढून कापड मोकळं केलं आणि तोवर भिंतीचं काम उरकावं म्हणून ब्रॅकेटच्या खुणा केल्या. उजवीकडच्या खुणेवर बोटानं ठोकलं. टप टप. मग थोडं पलीकडे. ढप. त्यांनी भुवई उडवली. ड्रिल लावलं तर ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, आणि पाठोपाठ वीतभर प्लास्टर नव्या रंगासकट खाली आलं.

आत एक जुना लोखंडी पाइप होता. गंजून तांबडा झालेला, आणि अंगावर बोटभर लांब उभी चीर. आता कोरडा ठणठणीत होता. पाणी भरलं त्याच आठवड्यात घरच्यांनी घाबरून पाण्याची सगळी जुनी लाइन बंद करून नवी बाहेरून घेतली होती, हेही बायकोनंच मागे सांगितलं होतं.

हुंकाररावांनी छताकडे बघितलं. छत जुन्याच रंगाचं होतं, आणि त्याच्यावर एकही डाग नव्हता. गच्चीवरचा नळ वाहिला असता तर पाणी वरून आलं असतं. हे पाणी या भिंतीतून, डोक्याच्या उंचीवरून आलं होतं. नळ बिचारा बंदच होता.

ते शिडीवर बसून राहिले. प्लास्टर भरायला दहा मिनिटं लागली असती. ब्रॅकेट चार बोटं सरकवला असता तर वर पडदा येऊन सगळं झाकलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. आणि सांगितलं तर? चौदा महिने जे दोघांनी एकमेकांच्या माथी मारलं ते खोटं निघणार. माणसं अशा वेळी सांगणाऱ्यावरच उखडतात, हे ते एकदा चांगलंच शिकले होते.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"हं?" पलीकडून आवाज आला.

"अगं, दाढ निघाली का?"

"हं."

"बधिर आहे का तोंड?"

"हं."

हुंकाररावांनी मग जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचनात. पाइप सांगितला, चीर सांगितली, छत सांगितलं, सुरकुतीसुद्धा सांगितली. इतकं बोलणं त्यांनी लग्न ठरवतानाही केलं नव्हतं. "आता बुजवून टाकू का गपचूप?"

"हं-हं!" पलीकडून जोरात आलं. त्यात नकार होता, हे शिडीलाही कळलं असतं.

"म्हणजे सांगू? आणि ती पत्रांसारखी भानगड झाली तर?"

यावर बायको कापूस भरलेल्या तोंडानं बराच वेळ काहीतरी बोलली. एक शब्द समजला नाही, पण सूर समजला. हुंकाररावांनी फोन खिशात टाकला, खाली उतरले, डावं दार वाजवलं, उजवं दार वाजवलं.

"दोघेही या," ते म्हणाले. "मला बोलायचंय."

हुंकाररावांना बोलायचंय, हे ऐकून जावासुद्धा चहाचे कप तिथेच ठेवून धावत आल्या.

त्यांनी टॉर्च लावून पाइप दाखवला. चीर दाखवली. मग टॉर्च छतावर फिरवली. "नळ कुणीच उघडा टाकला नव्हता," ते म्हणाले. "तुम्ही दोघंही खरं बोलत होता. मी मोजमापाला आलो तेव्हाच छतावर डाग नाही हे दिसलं होतं मला. तेव्हा बोललो नाही, ते चुकलं."

भूमितीच्या मास्तरांनी पाइपपासून जमिनीपर्यंत नजरेनं रेघ ओढली. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून चीर बघितली. आता गळ्यात गळे पडणार, असं धाकट्या जावेला वाटलं. तिनं पदर डोळ्यांपर्यंत नेलासुद्धा.

"मग चौदा महिने बोलला का नाहीस?" थोरला एकदम धाकट्यावर ओरडला.

"मी? तू बोललास का दादा? माझ्या दुकानाच्या वाढदिवसाला समोरून गेलास, बोर्डाकडेसुद्धा बघितलं नाहीस!"

"बघितलं होतं! पत्त्यातली वेलांटी चुकलीये बोर्डावर, सांगणार कसं?"

"वर्षभर चुकीची वेलांटी लावून बसलोय मी, आणि तू सांगितलं नाहीस?"

जुनं, नवं, गालिच्याचं, कुंड्यांचं, मुलांच्या निकालाचे पेढे दाराच्या फटीतून आत सरकवल्याचं, सगळं निघालं. हुंकारराव शिडीच्या आडोशाला सरकले. थोरली जाऊ मात्र हसत होती. "भांडू देत हो," ती हळूच म्हणाली. "निदान एकमेकांशी भांडतायत. इतके दिवस भांडायलाही मला मध्ये घालत होते."

चहा गार झाला तेव्हा कुठे दोघांचे आवाज खाली आले. थोरला जमिनीवर पसरलेल्या कापडाकडे बघून म्हणाला, "पलीकडे बस. आणि माझ्याकडे बघून ओढ, हुकाकडे नको."

"तू आधी सावकाश ओढ."

हुंकाररावांनी फक्त "आता" म्हणायचं काम केलं. मधला हुक, त्याच्या डावीकडचा, त्याच्या उजवीकडचा. "थांब दादा, माझा निसटला." "थांबलोय." कोपऱ्याचे शेवटचे हुक बसले तेव्हा हुंकाररावांनी तळहात कापडावरून फिरवला. एकही सुरकुती नव्हती. खरं तर त्यांच्या आणि बायकोच्या हातचा पडदा याहून किंचित सैल असायचा, पण हे त्यांनी मनातच ठेवलं.

दगडी भिंत लागेपर्यंत प्लास्टर खरवडून, नवं भरून, ब्रॅकेट पक्क्या जागी घेऊन पडदा टांगायला दुपार झाली. उंचीचं घोडं शेवटपर्यंत अडलंच होतं. हुंकाररावांनी चौघांना कोचावर बसवलं, प्रत्येकाच्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत टेप लावली, आणि मधलं माप धरलं. थोरल्याच्या कागदापेक्षा दोन इंच खाली, धाकट्याच्या म्हणण्यापेक्षा दोन इंच वर. दोघेही "मी म्हणत होतो तेच" असं म्हणून मोकळे झाले.

प्रोजेक्टर लावल्यावर पडद्यावर कुठल्याशा समुद्रातले मासे पोहायला लागले. इतके मोठे नि इतके निळे, की धाकटी जाऊ पाय वर घेऊन बसली. हुंकारराव एरवी चित्र उमटलं की सामान आवरायला लागायचे. आज कप हातात धरून ते कोचाच्या कडेला टेकले, आणि एक म्हातारं कासव पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर बघत राहिले.

निघताना थोरल्यानं त्यांची शिडी उचलली, धाकट्यानं हत्यारांची पिशवी. गाडीत सामान ठेवता ठेवता हुंकाररावांनी दवाखान्याचं नाव सांगितलं, डॉक्टरांनी थांबवून ठेवलेल्या बायकोला तिथून घ्यायचं होतं.

"मग पुलावरून जा," थोरला म्हणाला. "सरळ रेषा आहे."

"पुलावरून? दादा, या वेळेला? बाजाराच्या मागनं काढा हो गाडी, पाच मिनिटांत पोचाल."

"बाजाराच्या मागं रस्ता खणलाय."

"तो कधीच बुजवला! तू घराबाहेर पडतोस कधी?"

दोघांचं पुन्हा जुंपलं. हुंकाररावांनी हसून गाडी सुरू केली, दोघांनाही हात केला, आणि तिसऱ्याच, आपल्या नेहमीच्या शाळेसमोरच्या रस्त्यानं निघाले.