मागची भिंत

जामखेडहून नगरला येताना एसटीत शेजारच्या मावशींना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो महिन्यापूर्वीच एमएस करायला जर्मनीला गेला होता. कॉल संपल्यावरही त्या मोबाईल पदरानं पुसत राहिल्या.

"खोली मिळाली म्हनतो," त्या मला म्हणाल्या, "पन त्याच्या मागची भिंत दर खेपेला येगळी दिसती. कुठं निजत आसंल, दादा?"

"उजेडामुळं तसं दिसतं, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काच पुसली.

मी खोटं बोललो होतो. परदेशात शिकायला गेलो तेव्हा मीही आज याच्या, उद्या त्याच्या खोलीत झोपायचो आणि आईला सांगायचो, खोली झकास आहे. ती दाखव, असं आई कधीच म्हणाली नाही. तिचा विश्वास बसलाय, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.