बाजाराच्या दिवशी ग्रीक नाटक

आमच्या नाटक मंडळीतले चौघे चहाला बसले, की एक जुना किस्सा निघतो आणि त्याच्या शेपटाला धरून आणखी पाच येतात. निजामाच्या राज्यातल्या गोष्टी या. कळमनुरीजवळचं आमचं बाजारगाव आणि तिथले इंग्रजीचे वामन मास्तर. ग्रीक-रोमन गोष्टींचं त्यांना भलतं वेड!

* * *

मास्तरांनी एकदा पारावर रोमच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. सरकारनं त्याला नांगरावरून उचलून सेनापती केलं. लढाई जिंकून, सत्ता सोडून तो परत नांगराला भिडला. "केवढा त्याग!" मास्तरांनी हात जोडले.

धोंडिबा पाटील म्हणाले, "त्याग कशाचा, मास्तर? वाफशावर, पेरणीला आलेलं वावर सोडून गेला व्हता. जीव तिकडंच आसंल की."

मास्तर म्हणाले, "वीस वर्षं मी ही गोष्ट चुकीची शिकवली."

* * *

मग मास्तरांनी एक ग्रीक नाटक मराठीत आणलं. राजा हुकूम काढतो, बंडखोराच्या प्रेताला कुणी माती द्यायची नाही. बंडखोराची बहीण तो हुकूम मोडते. बहीण झाला सखाराम शिंपी, प्रेत झालो मी. बोलायचं काही नव्हतं, म्हणून पार्ट मिळाला.

या नाटकात एकासुरात बोलणारा गावकऱ्यांचा घोळका लागतो. मास्तरांनी भजनी मंडळच उभं केलं. तालमीत बहिणीला मरणाची शिक्षा झाली आणि मंडळानं सवयीनं टाळ वाजवून विठ्ठलाचा गजर केला!

"अरे, ती मरून राहिली ना!" मास्तर ओरडले.

"मंग देवाचं नाव नको का?" बुवांनी विचारलं. गजर नाटकात राहिला.

* * *

तेव्हा नाटकाला पोलिसांची परवानगी लागे. काही वाकडं झालं तर मास्तरांची नोकरी जायची. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, नाटकाची वही चाळली. "ये जालिम बादशाह कौन?"

"ग्रीसचा, साहेब. दोन हजार वर्षांपूर्वी मेला."

"पक्का मर गया?"

"बराबर मेला, साहेब."

शिक्का बसला. अट एकच, खेळ दिवसाउजेडी आणि साहेब पहिल्या खुर्चीवर.

* * *

बाजाराच्या दिवशी दुपारी पडदा वर गेला. मी फळ्यांवर डोळे मिटून पडलेलो. सखाराम मातीची टोपली घेऊन आला, तोच गर्दीतून कुणी ओरडलं, "दे माती, बाई! राजाला काहून भितीस?" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बस! खेल बंद करो!" अमीनसाहेबांचा आवाज.

टाळ्या थांबल्या. गेली मास्तरांची नोकरी, असं मला वाटलं. पण प्रेतानं उठायचं तरी कसं?

लोक उठले, घरी मात्र कुणी जाईना. भाजी विकायला आलेल्या गंगाबाईचा आवाज आला, "साहेब, खेळ बंद करा, व्हय. पर मुडदा उघडा टाकून घरी कसं जावं? आमच्यात न्हाई जमत."

ती वर चढली आणि टोपलीतली मूठभर माती माझ्या छातीवर टाकली. तिच्यामागे पाटील आणि मग सगळा बाजार, मयतीला लागते तशी ओळ लावून. नाकात धूळ गेली, पण मी शिंकलो नाही. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

ओळ संपली. मग फळ्यांवर अमीनसाहेबांच्या बुटांचा आवाज झाला आणि माझ्याजवळ येऊन थांबला. मी डोळे आणखी घट्ट मिटले. छातीवर एक मूठ माती पडली. मग दुसरी. मग तिसरी, त्यांच्यात कबरीवर देतात तशी.