पोपटी आणि पिवळ्याच्या मधला खांब

फोटो या गोष्टीवर माझा विश्वास नाही. नोकरीची सगळी वर्षं मी विमा कंपनीच्या ऑफिसात, मोटार क्लेमच्या टेबलावर काढली. गाडी ठोकली की लोक तिचे फोटो काढून आणायचे आणि ते खरे की खोटे हे मी बघायचे. एकच चेपलेला बंपर दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या फायलींत मी पकडलेला आहे. दुपारी झाला म्हणून सांगितलेल्या अपघातात सावली सकाळची आहे, हेही मी पकडलेलं आहे. या सवयीमुळे घरातल्या लग्नांचे अल्बमसुद्धा मी तसेच बघते. कोणती जाऊ कोणाच्या खांद्यावर हात ठेवून तोंड दुसरीकडे फिरवून उभी आहे ते मला आधी दिसतं, नवरा-नवरी नंतर. त्यामुळे हल्ली अल्बम बघायला मला कोणी बोलवत नाही.

अशा बाईनं गेल्या कार्तिकात स्वतःच्या मनानं एक फोटो काढला, कशाचाही पुरावा म्हणून नाही, नुसता आवडला म्हणून.

आम्ही नवीन नाशकात राहतो. संध्याकाळच्या बाजारातून मेथी आणि झेंडूची फुलं घेऊन मी परत येत होते. नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवला होता, म्हणून मागच्या गल्लीतून वळले आणि समोर ती इमारत आली. तशी काही खास नव्हती. खाली दोन घरं, वर दोन घरं, आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेला एकच खांब. पण चारही घरांचे बाहेरचे रंग वेगळे होते. खाली डावीकडे पोपटी, उजवीकडे हळदीसारखा पिवळा. वर डावीकडे राणी कलर, उजवीकडे निळा. मधला खांबसुद्धा अर्धा अर्धा वाटून घेतलेला. ऊन त्र्यंबकच्या बाजूला कललं होतं आणि सरळ भिंतीवर पडलं होतं. रंग नुसते दिसत नव्हते, अंगावर येत होते. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या ओट्यावर मी पिशवी ठेवली, मोबाईल काढला आणि बटण दाबलं.

फोटोत बघितलं तर चारही रंग जसेच्या तसे, कडा स्वच्छ, वरच्या दोरीवरची एक लाल साडीसुद्धा जिथे हवी तिथेच. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फोटो नाकारत आलेल्या माझ्या हातून एक चांगला फोटो निघाला होता. घरी पोचेपर्यंत मी तो तीनदा उघडून बघितला.

घरी आमचे हे होते. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेत आणि प्रयोग केल्याशिवाय अजून काही मान्य करत नाहीत. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं, उजव्याचं व्हायचं होतं. मोबाईल हातात घेऊन त्यांनी आधी डावा डोळा मिटून फोटो बघितला, मग उजवा मिटून. म्हणाले, जुन्या डोळ्यानं ठीक वाटतोय, नव्यानं अति वाटतोय. मग निकाल दिला.

"अगं, हल्लीचे मोबाईल मनाने रंग चढवतात. सिमेंटच्या भिंतीवर असा पोपटी बसतच नाही."

मी म्हटलं, मोबाईल कशाला, तुमचा नवा डोळाच रंग चढवत असेल. त्यावर ते डॉक्टरांच्या बाजूने बोलायला लागले आणि मी मोबाईलच्या. शेवटी दोघंही जेवायला बसलो. पण जेवण मला गेलं नाही. त्यांचं म्हणणं खरं असेल तर आयुष्यात हौसेनं काढलेला माझा पहिलाच फोटो खोटा होता, आणि तो मी ओळखलाही नव्हता. मला दुसरं काही नको होतं, ते रंग खरे आहेत एवढंच कळायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी परत गेले. इस्त्रीवाल्याच्या ओट्याजवळ उभी राहिले, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि एकदा फोटो, एकदा भिंत असं बघायला लागले. रंग खरे होते. पोपटी तर फोटोपेक्षा प्रत्यक्षात जास्त गडद होता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पोपटी घरातून एक बाई बाहेर आल्या, साधारण माझ्याच वयाच्या, हात पदराला पुसत. त्यांनी फाटक उघडलं नाही. फाटकाच्या आतूनच विचारलं, "काय मोजताय?"

मी सांगितलं, काल फोटो काढला होता, चांगला आला, रंग खरे आहेत का ते बघायला आले. सांगतानाच मला कळत होतं की हे कोणालाही पटणार नाही. माझ्या टेबलावर कोणी असं कारण दिलं असतं तर मी ती फाईल वेगळी काढून ठेवली असती. बाईंनीही तेच केलं असावं. त्यांनी माझ्या चपला बघितल्या, पर्स बघितली, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पिवळ्यांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

मी नाही म्हटलं तसा त्यांचा संशय आणखी पक्का झाला. पण बोलायचं त्यांच्या मनात बरेच दिवस साठलेलं असावं, कारण माझ्यावर विश्वास नसतानाही त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी अख्खी इमारत पांढरी होती. रंगवायची वेळ आली तेव्हा पिवळ्यांनी रंगारी आणला, तो निघाला त्यांचा साडू. साडू आपल्याकडे हलका माल लावील म्हणून पोपटींनी स्वतःचा रंगारी आणला. मग वरच्या दोघांना वाटलं की खालचे दोघं मिळून काहीतरी करतायत, त्यांनीही आपापले आणले. मधला खांब चौघांचा, म्हणून तो दोरी लावून वाटून घेतला. रंगाची रेघ पडली त्या दिवशी सगळे बाहेर उभे राहून पहारा देत होते. ज्या चार रंगांवर मी इतकी भाळले होते ते असे भांडणातून आलेले होते, आणि खरं सांगते, त्यामुळे ते मला कमी आवडले नाहीत.

एवढ्यात हातात दुधाची पिशवी घेतलेले एक गृहस्थ येऊन थांबले. निफाडकडचे, थोडी द्राक्षबाग राखून असलेले, असं मला नंतर कळलं. हेच ते पिवळे. आम्हा दोघींना बोलताना बघून त्यांनी जे ठरवायचं ते ठरवून टाकलं. त्यांच्या लेखी आता पोपटींनीच मला बोलावलं होतं.

"मॅडम, खरं सांगा, फोटो कुनी काढायला लावला?"

कोणी नाही, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांची गॅलरी काचा लावून बंदिस्त केलेली होती, आणि सिंहस्थ जवळ आल्यामुळे रस्त्याकडेची वाढीव बांधकामं बघायला माणसं फिरतायत अशी गल्लीत हवा होती. मी ठणकावून सांगितलं की मी रस्त्यावर उभी आहे, भिंत रस्त्यावरून दिसते, आणि बघायला कोणाची परवानगी लागत नाही. माझा आवाज चढला तशी वरच्या दोन्ही गॅलऱ्यांत माणसं आली. निळ्या गॅलरीतल्या बाईंनी तर मोबाईल काढून माझाच फोटो काढला. इस्त्रीवाला मान खाली घालून एकाच शर्टावर इस्त्री फिरवत राहिला.

"तुमचं बी खरं असंल," पिवळे म्हणाले, "पन आपल्याला भानगड नको हाय. डिलीट करा."

पोपटी बाईंनी लगेच त्यांची री ओढली. दोघांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं असावं. एक बटण, आणि तो फोटो गेला असता; मग घरी जाऊन मी कोणाला काय दाखवणार होते? पण चार घरांची माणसं बघत असताना मी नाही म्हटलं असतं तर मी नक्की कोणाची तरी माणूस ठरले असते. मी म्हटलं, करते डिलीट, पण आधी एकदा बघा तरी, मग सांगा.

पिवळ्यांनी मोबाईल घेतला. फोटोत त्यांनी इमारत बघितली नाही, फक्त स्वतःची गॅलरी बघितली. दोन बोटांनी ती मोठी करून काचा दिसतात का ते तपासलं. उन्हाच्या चकाकीनं काचा दिसत नव्हत्या, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. मग फाटक उघडून पोपटी बाई पुढे आल्या आणि त्यांनी फोटो सरकवून आपली बाजू मोठी केली. सरकवताना मध्ये खांब आला. बाईंचं बोट तिथेच थांबलं.

खांबावरची रेघ तिरपी होती. खाली जमिनीजवळ ती बरोबर मधोमध होती, पण वर जाता जाता पिवळा रंग पोपटीत सरकत गेला होता, आणि खालच्या मजल्याच्या छताजवळ तो चांगला चार बोटं आत होता. दारात उभं राहून मान वर केली तर हे दिसत नसे, आणि समोरच्या ओट्यावर जाऊन आपलंच घर बघायचं त्यांच्यापैकी कोणाला कधी सुचलं नव्हतं. काल मलाही दिसलं नव्हतं. इतकी वर्षं खोट काढून जगलेली मी, आणि रंगांच्या नादात तेवढी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

"डिलीट करू नका," बाई म्हणाल्या. "मला पाठवा."

पिवळे म्हणाले की त्यांनाही पाठवा, कारण पोपटींकडे एकट्यांकडे राहिला तर त्या फोटोत काहीही करून दाखवतील. एकाला देऊन दुसऱ्याला न देणं शक्यच नव्हतं. मी दोघांनाही पाठवला. निळ्या बाईंनी वरून ओरडून नंबर सांगितला, मग राणी कलरवाल्यांनीही. फोटो छान आलाय असं चौघांपैकी एकानंही म्हटलं नाही. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. टेबल सोडून घरी बसले तरी माझ्या हातून शेवटी पुरावाच निघाला होता.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की रंग खरे आहेत, मी समोर उभं राहून ताडून बघितलं. ते म्हणाले, आधी फोटो बघून मग भिंत बघितलीस, त्यामुळे मन जुळवून घेतं. याला निरीक्षण म्हणत नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं की दोन्ही डोळ्यांनी स्वतः येऊन बघतो. मी ते मान्य केलं. मला खात्री होती, इमारत काही कुठे पळून जात नाही.

ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली ते दिवसही गेले, आणि एका संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून त्या गल्लीत गेलो. ऊन तसंच होतं. इमारतही जागेवर होती. ती खालपासून वरपर्यंत क्रीम कलरची होती.

हे दोन्ही नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "क्रीम आहे." बघ, मी सांगत होतो, असं त्यांनी म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

इस्त्रीवाला त्या दिवशी बोलला. फोटोवरून मोठं भांडण झालं म्हणे. रेघ कोणी खोडायची, खोडली तर नवी कोणाच्या रंगाऱ्यानं आखायची, दोरी कोणी धरायची, कशावरच जमेना. शेवटी ठरलं की रेघच नको, सगळ्यांना एकच रंग लावायचा. रंगारी मात्र असा हवा होता की चौघांपैकी कोणाच्याही ओळखीचा नसेल. तो शोधण्यात बरेच दिवस गेले, आणि अखेर हरसूलकडचा एक मिळाला. सांगताना तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हे सगळं मीच मुद्दाम घडवून आणलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं. मी तो फोटो खरा ठरवायला गेले आणि त्यामुळेच तो आता कधीच खरा ठरणार नव्हता. यापुढे जो कोणी तो बघेल तो म्हणेल, बाई, मोबाईलनं रंग चढवलेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मी निघू या म्हणणार तर हे शेजारी नव्हते. रस्ता ओलांडून, उघड्या फाटकातून ते त्या खांबापाशी जाऊन उभे होते. त्यांनी स्कूटरची किल्ली काढली आणि वाकून खांबाचा रंग खरवडायला सुरुवात केली. आधी क्रीम निघाला, मग त्याखाली पिवळा आला. ते किल्ली जरा डावीकडे सरकवून पुन्हा खरवडायला लागले. थोड्या वेळानं ते सरळ झाले, बोटाच्या टोकावरची भुकटी उन्हात धरली आणि आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघितली.

"पोपटीच आहे," रस्त्यापलीकडून ते मला म्हणाले. "फोटोतला आहे तसाच."

संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझं म्हणणं इतकं सरळ कधी मान्य केलं नव्हतं. तेवढ्यात वरच्या उजव्या गॅलरीतून, पूर्वीच्या निळ्या बाईंचा आवाज आला.

"ओ काका, काय चाललंय तिथं? कोणी पाठवलं तुम्हाला?"

हे आयुष्यात कधी खोटं बोललेले मला आठवत नाहीत. त्यांनी किल्ली धरलेला हात वर केला आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे रोखला.